मोठ्या हायस्कूलचे छोटे गट पाडले की मुलांचा खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी यंदा नववीत जातेय, तिचं हायस्कूल सव्वादोन हजार मुलांचं आहे आणि शाळेने आता सगळ्या मुलांना चार 'स्मॉल लर्निंग कम्युनिटी'मध्ये वाटायचं ठरवलंय. तिची जिवलग मैत्रीण दुसऱ्या गटात गेल्यामुळे घरात रडारड आहे. आणि हा सगळा खटाटोप मुलांच्या भल्यासाठी आहे की जुन्या दुकानावर नवी पाटी, असा तुमचा प्रश्न आहे.

मी इथे अमेरिकेत एका सरकारी हायस्कूलमध्ये एकोणीस वर्षं बीजगणित शिकवलं, त्यातली सात वर्षं अशाच व्यवस्थेत. फायदा होतो, असं माझं मत आहे. पण तो कशामुळे होतो हे शाळांनाच अनेकदा कळलेलं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या व्यवस्थेत इमारत तीच राहते, प्रिन्सिपल तेच राहतात. मुलांचे काही शेकड्यांचे गट होतात आणि प्रत्येक गटाला शिक्षक नेमून दिले जातात. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास हे मुख्य विषय गटातली मुलं त्याच मोजक्या शिक्षकांकडे शिकतात, काही ठिकाणी सलग दोन वर्षं. एखाद्या गटाला आरोग्य, कला किंवा अभियांत्रिकी असा विषयाचा धागा असतो. काही शाळा फक्त नववीचाच वेगळा गट करतात, कारण मुलं सगळ्यात जास्त घसरतात ती त्याच वर्षी. खेळाच्या दिवसापुरती लाल-निळी हाउस असतात, तसलं हे नव्हे.

आता एक गोष्ट सांगते. नववीतली एक मुलगी होती, शांत, गृहपाठ बरा. माझ्या तासाला रोज एकदा बाथरूमचा पास मागायची. चौदा वर्षांच्या मुलीला नाही कोण म्हणणार? एका गुरुवारी आम्ही चार विषयांचे चार शिक्षक मोकळ्या तासिकेत बसलो होतो. बोलणं दुसऱ्याच एका मुलाबद्दल चाललं होतं. त्यात हिचं नाव सहज निघालं. इतिहासाचे सर म्हणाले, "माझ्याकडेही जाते की रोज." इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडेही." विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "माझ्या तासाला तर ती जागची हलत नाही."

तिथे आम्ही थबकलो. विज्ञानाचा तास बहुतेक वेळा प्रयोगशाळेत असायचा. बाकी आम्ही तिघंही मुलांना ओळीने मोठ्याने वाचायला लावायचो. मी शाब्दिक उदाहरणं, ते दोघं पुस्तकातले उतारे. तिचा वाचायचा नंबर यायच्या दोन बाकं आधी ती उठायची. चाचणी घेतली, तर वाचन चौथी-पाचवीच्या मुलाइतकं. इतकी वर्षं तिने ते लपवलं होतं आणि अतिशय हुशारीने लपवलं होतं.

आम्ही बीजगणितात शिकवतो की एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा काढता येतात. माझ्याकडे एकच बिंदू होता आणि त्यातून मी 'पोरगी जरा टंगळमंगळ करते' अशी रेषा काढून मोकळी झाले होते. चार बिंदू एका कागदावर आले तेव्हा खरी रेषा दिसली. तिला वाचनाची वेगळी मदत मिळाली. चमत्कार वगैरे झाला नाही, पण दहावीत ती बाकीच्यांच्या बरीच जवळ आली. पास मात्र माझ्याकडे वर्षभर मागत राहिली. तेव्हा बहुधा खरोखरच गणिताचा कंटाळा आलेला असायचा.

या गोष्टीत शाळेचा आकार कुठे येतो? गट व्हायच्या आधी माझ्याकडे पाच तासिका होत्या, प्रत्येकीत तीसच्या वर मुलं, म्हणजे दीडशेहून अधिक नावं. ती दीडशे मुलं बाकीच्या विषयांना वेगवेगळ्या कितीतरी शिक्षकांकडे विखुरलेली. माझा कुठलाही एक विद्यार्थी घेतला, तर त्याला शिकवणारे बाकी सगळे शिक्षक एका खोलीत बसलेत असं वर्षातून एकदाही घडायचं नाही. आम्ही शिक्षक काही वाईट नव्हतो. वेळापत्रकच असं होतं की मूल कुणाच्याच नजरेत पूर्ण येत नसे. शिक्षणतज्ज्ञ टेड सायझर यांनी १९८४ मध्ये 'कोअलिशन ऑफ इसेन्शियल स्कूल्स' ही शाळा सुधारण्याची चळवळ सुरू केली, तेव्हा त्यांच्या तत्त्वांपैकी एक असं होतं की माध्यमिक शाळेत एका शिक्षकावर ८० पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. एका वर्गात किती मुलं, हा आकडा सगळे विचारतात. एका शिक्षकाने एकूण किती मुलं ओळखायची, हा आकडा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

दुसरा फायदा मुलांच्या बाजूने आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी कॅन्ससमधल्या लहान-मोठ्या हायस्कूलांचा अभ्यास करून १९६४ मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण त्यात प्रत्यक्ष उतरणाऱ्या मुलांचं प्रमाण लहान शाळेत जास्त असतं. कारण अगदी साधं आहे. नाटकाला बारा पात्रं लागतात आणि मुलं आहेत साठ, म्हटल्यावर कुणीतरी येऊन तुमच्या दंडाला धरून सांगतं, "चल, तू हवास." दोन हजारांत त्याच बारा जागांसाठी चाचणी असते आणि लाजरं मूल त्या दारापर्यंतही जात नाही. माझ्या गटात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अभ्यासात मधलं, खेळात मधलं, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं मूल मोठ्या शाळेत चार वर्षं अदृश्य राहू शकतं. छोट्या गटात त्याला लपायला जागा उरत नाही. काही मुलांना हा जाचही वाटतो, तेही खरं.

मोठी शाळा ही मूर्खपणाची कल्पना होती असं मात्र समजू नका. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९५९ च्या अहवालात सांगितलं होतं की शेवटच्या वर्षात किमान शंभर मुलं नसतील, तर शाळेला भौतिकशास्त्र, परदेशी भाषा असे विषय नीट शिकवणं परवडत नाही. त्यात तथ्य होतं आणि आजही आहे. पुढे कित्येक दशकं शाळा एकत्र होत, वाढत गेल्या. उलटा प्रवास न्यूयॉर्कमध्ये ठळकपणे दिसला. डेबोरा मायर या शिक्षिकेने १९७४ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये 'सेंट्रल पार्क ईस्ट' ही मुद्दाम लहान ठेवलेली शाळा काढली आणि ती गाजली. २००० पासून केंद्र सरकारनेही हजाराहून जास्त मुलांच्या हायस्कूलांना असे गट करायला अनुदान द्यायला सुरुवात केली. आमच्या शाळेचे गट त्याच लाटेतले.

अभ्यासांबद्दल विचारलंत तर चित्र संमिश्र आहे. सगळ्यात भक्कम पुरावा न्यूयॉर्कचा. तिथे २००२ नंतर शंभरावर नवी छोटी हायस्कूलं निघाली. अनेक ठिकाणी जागांपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणून सोडत काढली गेली, आणि संशोधकांना आयतीच तुलना मिळाली. सोडतीत नंबर लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं. छोट्या शाळांत गेलेल्यांचं हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाण सुमारे ९ टक्के बिंदूंनी जास्त निघालं. हा फरक लहान नाही. पण त्या नव्याने उभारलेल्या, स्वतःचे प्रिन्सिपल असलेल्या शाळा होत्या. जुन्या शाळेच्या आत पाडलेल्या गटांना तेच यश आपोआप मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

शाळेच्या आतल्या गटांपैकी नीट तपासला गेलेला प्रकार म्हणजे 'करिअर अकॅडमी', एखाद्या व्यवसायक्षेत्राभोवती बांधलेला गट. त्यांची सुरुवात १९६९ मध्ये फिलाडेल्फियात झाली. तिथेही सोडतीवर आधारलेला दीर्घ अभ्यास झाला आणि निकाल मजेशीर आहे. परीक्षेच्या गुणांत फरक नाही, हायस्कूल पूर्ण करण्याच्या प्रमाणातही नाही. पण शाळा संपल्यावर आठ वर्षांपर्यंत त्या मुलांची कमाई वर्षाला सरासरी ११ टक्के जास्त, आणि हा फायदा मुख्यतः मुलग्यांना झालेला. म्हणजे पुढच्या वर्षीच्या गुणपत्रिकेवर फायदा शोधाल तर कदाचित काहीच दिसणार नाही.

आणि ज्यांनी सगळ्यात जास्त पैसा ओतला त्या गेट्स फाउंडेशनचं काय? छोट्या शाळांवर त्यांनी अब्जावधी डॉलर खर्च केले, आणि २००९ च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनी स्वतःच लिहिलं की यातल्या बऱ्याच शाळांत मुलांची प्रगती म्हणावी तशी झाली नाही. इथे गणिताच्या बाईंना जरा बोलू द्या. नाणं दहा वेळा उडवलं तर आठ वेळा छापा येणं शक्य आहे, हजार वेळा उडवून आठशे छापे येणार नाहीत. छोट्या संख्येत चढउतार मोठे असतात. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६६२ शाळांचे पाचवीचे वाचनाचे गुण तपासले, तर अव्वल पन्नासांत सगळ्यात लहान शाळा त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या. तळाच्या पन्नासांतही तसंच! वरची यादी पाहून 'लहान शाळा भारी' म्हणणाऱ्यांनी खालची यादी उघडून पाहिलीच नव्हती. तुमच्या शाळेच्या सभेत कुणी एखाद्या छोट्या शाळेचा डोळे दिपवणारा आकडा दाखवला, तर हे आठवा.

आकारापेक्षा त्या आकारात काय केलं जातं ते बघायला हवं. डेन्व्हरचं मॅन्युअल हायस्कूल २००१ मध्ये एकाच इमारतीत तीन शाळांमध्ये विभागलं गेलं आणि २००६ मध्ये बंद करावं लागलं. मुलं कमी झाली की ऐच्छिक विषयही कमी होतात, आणि ज्यांना शक्य असतं ती मुलं दुसरीकडे जातात. एकदा ही गळती लागली की थांबत नाही.

आमच्याकडे वेगळाच घोटाळा झाला. गटांना विषय दिले आणि निवड मुलांवर सोडली. दोन वर्षांत अभियांत्रिकीच्या गटात सुशिक्षित घरची, आईबापांनी आधीच चौकशी करून पाठवलेली मुलं जमा झाली आणि चौथ्या गटात उरलेली. कुणी ठरवून केलं नाही, पण मुलांना बरोबर कळलं. कॉरिडॉरमध्ये त्या गटाला मुलांनी जे नाव ठेवलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तिसऱ्या वर्षी वाटप सोडतीने केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आणि अनुदान संपल्यावर सगळ्यात आधी काय गेलं असेल? आमची ती मोकळी तासिका. चार शिक्षकांना एकाच वेळी मोकळं ठेवणं महाग पडतं, आणि वेळापत्रक करणाऱ्यासाठी ती डोकेदुखीच. गटांची नावं राहिली, टीशर्ट राहिले, भिंतीवरचे बॅनर राहिले. त्यानंतरच्या वर्षी माझ्या तासाला पास मागून जाणारी मुलं बाकीच्या तासांना काय करत होती, मला माहीत नाही.

तेव्हा शाळेच्या सभेत गटाचं बोधचिन्ह वगैरे दाखवून झालं की हात वर करा आणि विचारा: माझ्या मुलीच्या चारही मुख्य शिक्षकांना आठवड्यातून किती वेळा एकत्र मोकळी तासिका आहे, आणि त्या वेळात ते मुलांबद्दल बोलतात की फॉर्म भरतात? गटातली किती टक्के मुलं खरोखर त्याच शिक्षकांकडे आहेत, हेही विचारा. कागदावर गट असतो आणि वेळापत्रकात निम्मी मुलं इकडेतिकडे गेलेली असतात. बँड किंवा वरच्या पातळीचं गणित हवं असेल तर गटाबाहेर जाता येईल का, हे आत्ताच लिहून घ्या. आणि वाटप कसं झालं ते विचारायला संकोच करू नका. उत्तर द्यायला कुणी घुटमळलं तर सावध व्हा.

मैत्रिणीचं म्हणाल, तर त्यांचं जेवण, बस, खेळ आणि ऐच्छिक विषय बहुतेक एकत्रच असतील, वेळापत्रक हातात आलं की दोघींना समोर बसवून तपासून घ्या. गट बदलून मागायचाच असेल तर मागा, पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबून मागा. माझ्याकडे दरवर्षी पहिल्या आठवड्यात असे पाच-सहा अर्ज यायचे आणि सहाव्या आठवड्यापर्यंत त्यातला एखादाच टिकायचा. तो मात्र मी नेहमी मंजूर करायला सांगायचे.