वाचकांचे प्रश्न : शिष्यवृत्ती प्रवेशाच्या दिवशीच ठरते

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो : फी कशी भागवायची. या वेळी घेतलेल्या पत्रांपैकी पहिल्याचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट बहुतेक पालकांना वेळ निघून गेल्यावरच कळते.

प्रश्न : माझी मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेत आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गातील असून थोडी शेती आणि एक लहान दुकान यांवर आमचे घर चालते. मुलींना फी माफ आहे, असे सगळीकडे ऐकतो. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत तिला जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी महाविद्यालयात जागा मिळाली आहे. दुसरीकडे पुण्यातील एक महाविद्यालय संस्था स्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागेवर संगणक शाखा द्यायला तयार आहे. फी माफच होणार असेल तर पुणे का नको, असे तिचे म्हणणे आहे. शिवाय, आमच्याकडे नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र असताना महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला वेगळा का मागतात?
— एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या मुलीने पुण्याची ती जागा स्वीकारली, तर फीमाफीचा प्रश्न तेथेच संपेल. तिला पूर्ण फी भरावी लागेल, आणि ती संस्था स्तरावरील जागेची फी असेल. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा पूर्वीच्या 50 टक्क्यांऐवजी 100 टक्के लाभ देण्याचे ठरले, आणि 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून ते लागू झाले. परंतु या निर्णयातील एक अट बातम्यांच्या मथळ्यांत फारशी आली नाही : प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला आपण सारे कॅप म्हणतो त्यातून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोटा, संस्था स्तरावरील जागा, खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या लाभाच्या बाहेर आहेत. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा महाविद्यालये आपल्या स्तरावर भरतात. त्या वेळी समोर बसलेली व्यक्ती ‘शिष्यवृत्तीचे नंतर बघू’ असे म्हणाली, तर उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘नंतर’ बघण्यासारखे त्यात काही नसते, कारण महाडीबीटीवरचा अर्ज कॅपमधील वाटपाचे पत्र मागतो आणि संस्था स्तरावरच्या प्रवेशाला असे पत्रच नसते.

आता ‘फी माफ’ या शब्दांकडे वळू. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते आणि तिचे शिक्षण शुल्क व विकास शुल्क असे भाग असतात. शासन भरते ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, अनामत रक्कम, वसतिगृह, खानावळ आणि बस हे सर्व आपल्यालाच भरायचे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने आपल्याकडे काही रक्कम मागितली, म्हणजे ते फसवतच आहे असे नाही. मात्र पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. म्हणून पैसे देण्यापूर्वी फीचे बाबनिहाय विवरण लेखी मागावे, आणि पावतीवरही प्रत्येक बाब वेगळी लिहून घ्यावी. पावती ऑनलाइन अर्जाला जोडावी लागते, आणि ‘एकूण फी’ अशी एकच ओळ असलेली पावती तपासणीत अडकते. अर्ज नामंजूर झाल्यास फी आम्ही भरू, अशा हमीपत्रावर महाविद्यालय आपली सही घेईल. ते देण्यास हरकत नसावी, पण त्यावर किती दिवसांची मुदत आणि कोणता दंड लिहिला आहे, हे वाचून मगच सही करावी.

उत्पन्नाच्या दाखल्याविषयी आपली तक्रार समजण्यासारखी आहे, तरी ती दोन कागदपत्रे एक नव्हेत. नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे कुटुंब प्रवर्गातील सधन गटात मोडत नाही हे, ठरवताना उत्पन्नाच्या निकषात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. म्हणूनच बागायतदाराच्या किंवा शिक्षक दांपत्याच्या घरीही हे प्रमाणपत्र असू शकते. याउलट फीच्या लाभासाठी असलेली 8 लाख रुपयांची मर्यादा कुटुंबाच्या एकूण वार्षिक उत्पन्नाला लागू होते, आणि तेथे शेती, दुकान, पगार असे सगळे मोजले जाते. ते सिद्ध करणारा कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. आयकर विवरणपत्र किंवा सातबारा दाखला मिळवण्यासाठी जोडावा लागेल, परंतु दाखल्याऐवजी चालणार नाही. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून हा अर्ज करता येतो. जून-जुलैमध्ये तहसील कार्यालयांवर काय गर्दी असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश असेल, तर जात वैधता प्रमाणपत्राचेही असेच आहे. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडचा अर्ज बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत गेलेला असावा. आपण पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून येथे आठवण करतो.

एक बारकावा राहिला. पुढच्या फेरीत जागा बदलण्याची शक्यता असेल, तर शिष्यवृत्तीचा अर्ज घाईने भरू नये. अर्ज ज्या महाविद्यालयाच्या नावाने भरला, त्याच महाविद्यालयाच्या लिपिकाकडे तो तपासणीला जातो. मुलगी दुसरीकडे गेली, तर अर्ज पहिल्याच महाविद्यालयात पडून राहतो आणि तो परत मिळवण्यासाठी दोन्हीकडे खेटे घालावे लागतात. प्रवेश पक्का झाला, की मात्र एक दिवसही थांबू नये.

प्रश्न : मुलाला बारावी विज्ञान शाखेत चांगले गुण आहेत. त्याला बी.एस्सी. करायचे आहे, अभियांत्रिकी नको. आम्ही खुल्या प्रवर्गातील आहोत. पतीचे निधन झाले असून माझे शिवणकाम आणि थोडे भाडे यांवर घर चालते. व्यावसायिक अभ्यासक्रम नसेल तर काहीच मिळत नाही, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हे खरे नाही, आणि अशा सांगण्यामुळे साध्या पदवीला जाणारी हुशार मुले अर्जच करत नाहीत. आपल्या मुलासाठी केंद्र सरकारची महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती योजना आहे. पदवीच्या तीन वर्षांसाठी दर वर्षी 12,000 रुपये आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी दर वर्षी 20,000 रुपये, अशी तिची रक्कम आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते आणि अभ्यासक्रम नियमित असावा लागतो, म्हणजे दूरशिक्षण चालत नाही. देशभरात दर वर्षी 82,000 नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी असतात. राज्याचा वाटा 18 ते 25 वयोगटातील लोकसंख्येवरून ठरतो.

गुणांची अट मात्र नीट वाचावी. ती 80 टक्के गुणांची नसून 80 पर्सेंटाइलची आहे. आपल्या मंडळात, आपल्या शाखेत जितकी मुले उत्तीर्ण झाली, त्यांतील वरच्या पाचव्या हिश्श्यात मुलगा असला पाहिजे. टक्के कमी वाटतात म्हणून अनेक जण स्वतःच स्वतःला बाद करतात, तसे करू नये. अर्ज महाडीबीटीवर नव्हे, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी किमान 50 टक्के गुण आणि 75 टक्के उपस्थिती लागते, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

राज्याच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना 8 लाखांच्या उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्काचा काही भाग मिळतो. परंतु अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.ची फी मुळातच कमी असल्याने तेथील लाभ लहान राहतो. केंद्राच्या योजनेबरोबर दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. आपल्या बाबतीत, माझ्या हिशेबाने, केंद्राची 12,000 रुपयांची योजना अधिक फायद्याची ठरेल. पतीच्या मृत्यूचा दाखला आणि आपल्या एकटीच्या उत्पन्नाचा दाखला हे दोन्ही कागद आधी तयार ठेवावेत.

प्रश्न : माझ्या बहिणीचा महाडीबीटीवरील अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात पैसे येत नाहीत. बँकेत विचारले तर ‘आधार जोडलेले आहे’ असे सांगतात. मग अडले कुठे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : बहुधा बँकेचे उत्तर आणि आपला प्रश्न हे दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. खाते उघडताना आधार क्रमांक ओळखीसाठी दिला, म्हणजे शासनाचे पैसे त्या खात्यात येतील असे होत नाही. त्यासाठी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत आपला आधार क्रमांक त्या बँकेशी जोडलेला असावा लागतो, आणि एका वेळी एकाच बँकेशी तो जोडला जातो. शेवटी जिथे जोडला, तिथे पैसे जातात. मोबाइलच्या दुकानात सिम घेताना किंवा कुठल्याशा ॲपवर उघडलेल्या खात्याला घाईत संमती दिली गेली, तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जमा झालेली असू शकते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली, की कोणती बँक आणि ती नोंद चालू आहे की नाही, हे लगेच कळते. बदल करायचा असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत ‘डीबीटीसाठी (शासनाचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग’ असा लेखी अर्ज द्यावा आणि ‘आधार जोडा’ एवढेच म्हणू नये.

दुसरी शक्यता शाळेत असताना उघडलेल्या खात्याची आहे. मुलगी 18 वर्षांची झाल्यावर केवायसी नव्याने केली नसेल, तर खाते स्थगित असते. ते पुरेशा कागदपत्रांशिवाय उघडलेले ‘लघु खाते’ असेल, तर त्यात वर्षभरातील जमा 1 लाख रुपयांपेक्षा जास्त होऊ शकत नाही, आणि मोठी रक्कम परत फिरू शकते.

आणखी एक गोष्ट पाहावी : अर्जात मोबाइल क्रमांक कोणाचा आहे. सायबर कॅफेत अर्ज भरताना दुकानदार स्वतःचा क्रमांक टाकून मोकळा होतो, आणि मग अर्जात त्रुटी निघाल्याचा, तो परत पाठवल्याचा संदेश त्याच्या मोबाइलवर जातो. अर्ज त्रुटीसाठी परत आला आणि मुदतीत दुरुस्त झाला नाही, तर तो त्या वर्षापुरता संपतो. अकरावीत शिष्यवृत्ती घेतलेल्या मुलांनी नवे खाते काढण्याऐवजी जुनेच महाडीबीटी खाते वापरावे. पासवर्ड विसरला असेल, तर तो आधारवरील ओटीपीने परत मिळतो.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी आहे. नागपूरला प्रवेश मिळाला, पण शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव आले नाही. खोलीभाडे परवडत नाही. गावी परत जावे का?
— एक विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : परत जाऊ नये. आपल्यासारख्यांसाठीच भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास, ती लागू होते. नागपूर, मुंबई, पुणे अशा शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये मिळतात, त्यांत भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000 रुपये धरलेले आहेत. अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी 5,000 रुपये वेगळे असतात. आपण त्या शहराचे रहिवासी नसावे, ही अट आपण पूर्ण करता. वसतिगृहासाठी अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवा, घरमालकाकडून भाडेकरार लेखी घ्या आणि सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात विचारणा करा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही वेगळी असून तिचा अर्ज महाडीबीटीवर स्वतंत्रपणे भरायचा आहे.

पैसे हाती येण्यास काही महिने लागतात, हे गृहीत धरूनच खोली शोधावी. दोन-तीन वर्गमित्र मिळून घेतलेल्या खोलीचे पहिले काही महिने निभावता येतात, आणि भाडेकरारात प्रत्येकाचे नाव असले तर सर्वांचे अर्ज ग्राह्य राहतात.