कच्चा तुकडा पाठवायला लाजू नकोस

तुझ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा तुकडा काल रात्री हेडफोन लावून दोनदा ऐकला. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी (तारेची ती झणझणती गुंज) ग्रॅन्युलर सिंथमध्ये, म्हणजे आवाजाचे बारीक कण करून ते पुन्हा जोडणाऱ्या साधनात, घालून ताणायची कल्पना मला फार आवडली. हा आवाज आपल्या सांगलीकडचा आहे, तो सोडू नकोस.

सुरुवातीला एवढंच बघ:

- प्युअर डेटा हे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर शिकतोयस ना, मग दोन महिने तेच. रोज नवं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं जादा साधन) उतरवत बसणं ही बहुतेकांची पहिली चूक.
- आवाजाची पातळी दाखवणारा मीटर लाल होऊ देऊ नकोस. फाईल काढताना ० डेसिबलच्या वरची लाट सपाट कापली जाते, आणि ती खरखर नंतर नीट निघत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेव. फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणारा आवाज परत आत, जोडताना हेडफोन कानावरून काढच. कान एकदा गेले की परत येत नाहीत.
- रिव्हर्ब (आवाजामागची घुमणारी आस) निम्मा कर.

लोकांना ऐकायला पाठवताना तीन मिनिटांचा तुकडा पुरे. माफी मागू नकोस. काय करून बघत होतास ते एका ओळीत लिही. ‘कसं वाटलं?’ विचारलंस की ‘भारी’ एवढंच येतं. त्यापेक्षा ‘दुसऱ्या मिनिटाला खर्ज (खालचा, जाड आवाज) जड होतो का?’ असं विचार, लोक कान देऊन ऐकतात.

मास्टरिंगचं, म्हणजे शेवटचा हात फिरवायचं, आत्ता राहू दे. पुढचा तुकडा रविवारी पाठव, अर्धवट असला तरी.