लग्नाआधी ‘लिप फ्लिप’ करून घ्यावे का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: वय २७, डिसेंबरमध्ये लग्न, हसताना वरचा ओठ जवळजवळ दिसेनासा होतो, फिलर भरून ओठ फुगवायचे नाहीत, आणि कोथरूडच्या एका क्लिनिकमध्ये ‘लिप फ्लिप’ सुचवले आहे, तर ते करावे का, आणि केल्यास कोणाच्या लक्षात येईल का? मी डॉक्टर नाही. पुण्यात गेली सोळा वर्षे कार्यक्रमांचे निवेदन करते, आणि हा प्रकार दोनदा करून घेतल्यावर तिसऱ्यांदा त्या वाटेला गेलेली नाही, एवढ्याच अधिकाराने लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो माझाही होता. लिप फ्लिपने ओठ मोठा होत नाही. तोंडाभोवती, बटव्याच्या तोंडाशी ओवलेल्या नाडीसारखा, एक वर्तुळाकार स्नायू असतो; तो आवळला की ओठ मिटतात, चंबू होतो, फुंकर मारता येते. काही जणींचा हा स्नायू हसतानाही इतका आवळलेला राहतो की वरच्या ओठाची गुलाबी कड आत वळते. वरच्या ओठाच्या कडेलगत बोट्युलिनम टॉक्सिनचे, म्हणजे ज्याला आपण सरसकट बोटॉक्स म्हणतो त्याचे, अगदी थोडे थेंब टोचले की नसांच्या टोकांतून स्नायूला आवळण्याचा निरोप देणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडत नाही, स्नायूचा वरचा थर सैल पडतो आणि आत वळलेली कड बाहेर येते. जे होते ते एवढेच. फिलरमध्ये हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे जेल भरून ओठाचा आकार वाढवतात. इथे आत काहीच भरले जात नाही, असलेलेच थोडे अधिक दिसते. त्यामुळे मुळातच ओठ फार पातळ असेल, तर बाहेर वळायला तिथे काही नसते, आणि नाक ते ओठ हे अंतर जास्त असेल तर सैल पडलेला ओठ खाली येऊन दात उलट झाकले जाण्याची शक्यता असते.

म्हणून आरशासमोर उभे राहून एक गोष्ट स्वतःच पाहून घ्या. मनापासून हसताना वरचा ओठ आत वळतो, की वर ओढला जाऊन हिरड्या दिसतात? दुसरा प्रकार असेल तर दोष तोंडाभोवतीच्या स्नायूचा नसून नाकाच्या बाजूने ओठ वर खेचणाऱ्या स्नायूंचा असतो आणि त्याची इंजेक्शने वेगळ्या जागी द्यावी लागतात. ही दोन्ही कामे एकाच नावाखाली सांगितली जातात. तुम्हाला नेमके कोणते सुचवले आहे, ते विचारून घ्या.

प्रत्यक्ष प्रक्रिया दहा मिनिटांचीही नाही. मला हसायला आणि चंबू करायला लावून पांढऱ्या पेन्सिलीने चार ठिपके काढले, दोन ओठाच्या मधल्या कमानीजवळ आणि दोन जरा बाहेर, आणि केसासारख्या बारीक सुईने टोचले. ओठावर टोचल्यावर डोळ्यांत पाणी येतेच, त्याला इलाज नाही. एकूण मात्रा साधारण ४ ते ६ युनिट असते. १०० युनिटच्या कुपीत अडीच मिलिलिटर सलाइन मिसळले तर ४ युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, पळीभर तर सोडाच, जेमतेम दोन थेंब. परिणाम तीन-चार दिवसांनी जाणवू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि दीड-दोन महिन्यांत, क्वचित तीन महिन्यांत, ओसरतो. कपाळावर दिलेले इंजेक्शन याहून जास्त टिकते; इथली मात्राही लहान आणि तोंडाचा स्नायू दिवसभर राबणारा.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते सांगते. पहिल्यांदा मी हे केले ते गणपतीच्या दहा दिवस आधी, म्हणजे आमच्या व्यवसायाच्या ऐन हंगामात. संमतिपत्र बारीक अक्षरातले होते, मी न वाचता सही केली आणि क्लिनिकमध्ये कोणी मला माझा व्यवसाय विचारला नाही. प, फ, ब, भ, म यांना आपण शाळेत ओष्ठ्य वर्ण म्हणून शिकलो. दोन्ही ओठ नीट मिटल्याखेरीज ते उमटत नाहीत, आणि उ, ओ या स्वरांना ओठ गोल करावे लागतात. आता निवेदकाच्या तोंडी दर कार्यक्रमात येणारे वाक्य पाहा: ‘प्रमुख पाहुण्यांचे पुष्पगुच्छ देऊन स्वागत’. या वाक्यातल्या ‘पु’ला ओठ मिटायचे आणि लगेच गोल करायचे, आणि ‘ष्प’ला पुन्हा मिटायचे. सहा युनिटांनंतर माझा पुष्पगुच्छ हवेत विरत होता. चुकीचा उच्चार नव्हे, ऐकणाऱ्याला नीट सांगता येऊ नये असा ढिला. ध्वनिव्यवस्थेवरच्या मुलाने मध्यंतरात येऊन आदराने विचारले, “मॅडम, तुम्ही माइकपासून लांब उभ्या राहताय का?” घरी आरतीला शंख वाजवण्याचे काम माझ्याकडे असते. त्या वर्षी शंखातून नुसता वारा आला आणि शंख पुतण्याकडे गेला. चूळ भरताना पाणी कोपऱ्यातून ओघळे, उसाच्या रसाची नळी ओठांत धरवत नसे, आणि डावी बाजू उजवीपेक्षा अधिक सैल पडल्यामुळे फोटोत हसू किंचित तिरके येई.

यातले काहीही धोकादायक नव्हते आणि सात आठवड्यांत सगळे पूर्ववत झाले. मात्र त्या सात आठवड्यांत करण्यासारखे काही नसते, हे लक्षात असू द्या. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर न आवडल्यास हायल्युरॉनिडेज टोचून विरघळवता येते; सैल पडलेल्या स्नायूला पुन्हा आवळणारे असे इंजेक्शन नाही, वाट पाहावी लागते. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी चारच युनिट दिले. बोलणे बिघडले नाही, पण ओठातला फरकही मला एकटीलाच, तोही आधीचा फोटो शेजारी धरल्यावर दिसला. ज्या मात्रेने माझे काम अडत नाही त्या मात्रेने माझा ओठही वळत नाही, असा माझ्यापुरता हिशेब निघाला आणि मी थांबले. तुमचा दिवस संगणकासमोर जात असेल तर हाच हिशेब वेगळा निघू शकतो. शिक्षिका, गायिका, बासरी किंवा सनई वाजवणारे यांनी मात्र यापासून दूर राहावे असेच मी म्हणेन.

सुरक्षिततेबद्दल. हे औषध सौंदर्योपचारासाठी नवीन नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता दिली. पण ओठ वळवण्यासाठीचा वापर त्या मान्यतेत नाही, तो डॉक्टर आपल्या अनुभवावर करतात. म्हणूनच हात कोणाचा आहे याला महत्त्व येते. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारावा, आणि विचारल्याचा राग येणाऱ्या ठिकाणाहून निघून यावे. कुपी समोर उघडायला सांगा, लेबलचा फोटो घ्या. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटे सारखी नसतात, डिस्पोर्टचा आकडा बोटॉक्सच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. विरघळवलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवून २४ तासांत वापरावी, असे बोटॉक्सच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. तुमच्या चार युनिटांसाठी शंभराची कुपी कोण फोडणार, हा प्रश्न त्यामुळे साहजिक पडतो आणि ‘स्वस्तात करून देतो’ म्हणणाऱ्याला तो जरूर विचारावा. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा अनधिकृत ठिकाणी दिलेल्या अशा इंजेक्शनांनी अनेक जणी आजारी पडल्या आणि काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. पार्लरमध्ये हे करून घेण्याचा विचारही नको.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे करत नाहीत. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, एखादे अँटिबायोटिक किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, ओठावर वारंवार ‘जर’ (तापाचे फोड) उठत असेल, तर ते आधी सांगा. टोचल्यानंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर क्लिनिकच्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. असे फार क्वचित होते, पण होऊ शकते.

डिसेंबरला अजून सहा महिने आहेत, हे तुमच्या बाजूने आहे. करायचेच असेल तर याच महिन्यात एकदा, कमी मात्रेत करून पाहा. ते सप्टेंबरपर्यंत पूर्ण ओसरेल आणि आपले तोंड कसे वागते ते तुम्हाला कळलेले असेल. पटले तर लग्नाच्या तीन ते चार आठवडे आधी दुसऱ्यांदा. शेवटच्या दहा दिवसांत मुळीच नको, कारण तोवर परिणाम पूर्ण झालेला नसतो आणि सुईचा काळानिळा डाग पडलाच तर तो मेकअपखाली झाकत बसावा लागतो. होणाऱ्या नवऱ्याचे नाव प किंवा भ वरून सुरू होत असेल तर उखाण्याचा सराव जून महिन्यातच करून ठेवा, हे मी निम्मे थट्टेने लिहीत आहे.

राहिला प्रश्न कोणाच्या लक्षात येईल का, याचा. माझ्या ओठाकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. नवऱ्याचेही नाही, ज्याला मी दोनदा मुद्दाम विचारले. सासूबाईंनी चौथ्या दिवशी सकाळी एवढेच विचारले की, अगं, चहा आज बशीत ओतून घेतला नाहीस?