सोसायटीची कमिटी ऐकत नसेल तर मेंटेनन्स भरणं बंद करावं का?

नका करू. बाकीचं सावकाश वाचा पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट भाड्याने दिलाय, कमिटी महिन्याला 2000 रुपये नॉन ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतला जाणारा चार्ज) लावते, भाडेकरूची एनओसी अडवून ठेवलीय आणि हिशोब मागितला की सेक्रेटरी म्हणतो एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेला) या. राग येणारच. पण मेंटेनन्स थांबवला की तुम्ही तक्रारदार राहत नाही, थकबाकीदार होता, आणि कमिटीला नेमकं तेच हवं असतं. तीन महिने बिल भरलं नाही की कायद्याने डिफॉल्टर, मग कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही, वर सरळव्याज चढत राहतं (2014 च्या आदर्श बायलॉजमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, 21 टक्क्यांपर्यंत मुभा आहे), आणि शेवटी सोसायटी सहकार खात्याच्या डेप्युटी रजिस्ट्रारकडून वसुलीचा दाखला आणते. त्याला सगळे अजून महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम 101 च म्हणतात, 2019 च्या दुरुस्तीनंतर हाउसिंग सोसायट्यांसाठी ते 154बी-29 झालंय. त्या सुनावणीत मुद्दा एकच, बिल थकलंय का.

म्हणून जेवढ्या रकमेबद्दल वाद नाही तेवढी दर महिन्याला चेकने किंवा ऑनलाइन भरा आणि सोबत पत्र द्या की बाकीच्या रकमेला हरकत आहे, कारण हे हे. सगळं भरणं परवडत असेल तर तेही हरकत नोंदवून भरा, चालतं.

आता ते 2000. राज्य सरकारचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे की नॉन ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि 2007 साली मुंबई हायकोर्टानेही तो कायम ठेवला. इथे लोक गंडतात. 10 टक्के पूर्ण बिलाचे नाहीत, फक्त सर्व्हिस चार्जेसचे, म्हणजे वॉचमनचा पगार, सफाई, ऑफिसचा खर्च, ऑडिट फी वगैरे. प्रॉपर्टी टॅक्स, पाणी, सिंकिंग फंड, रिपेअर फंड यात येत नाही. समजा तुमचं बिल 4200 आहे आणि त्यातले सर्व्हिस चार्जेस 1500, तर नॉन ऑक्युपन्सी झाली जास्तीत जास्त 150. जनरल बॉडीने ठराव करून 2000 केले असं कमिटी सांगेल, पण सरकारी आदेशाच्या वर ठराव चालत नाही. आणि आईवडील, मुलं, भाऊ-बहीण असं घरचंच कोणी राहत असेल तर हा चार्ज लागतच नाही.

एनओसीचं म्हणाल तर आदर्श बायलॉजप्रमाणे भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, कळवावं मात्र लागतं. लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत जोडून पत्र द्यायचं, झालं. तुमच्या सोसायटीने कुठले बायलॉज स्वीकारलेत ते तेवढं बघून घ्या.

पत्र दोन प्रतीत न्या, एकीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. सेक्रेटरी सही देत नसेल तर तिथे वाद घालत बसू नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलेलं म्हणजे कळवलं असं समजू नका, तिथे फक्त भांडण वाढतं आणि कागद काहीच तयार होत नाही.

हिशोबासाठी एजीएमची वाट बघायची गरज नाही. ऑडिट झालेला ताळेबंद, सभांचे इतिवृत्त, बायलॉज, तुमच्या खात्याचा उतारा हे बघायचा आणि फी भरून प्रत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त मागताना नेमकं मागा. मी आमच्या सोसायटीत काही वर्षं खजिनदार होतो, "सगळा हिशोब दाखवा" असं पत्र आलं की कमिटी हसून फाइलला लावते, पण "2023-24 ची लिफ्ट दुरुस्तीची बिलं आणि तो ठराव झाला त्या सभेचं इतिवृत्त" असं आलं की सगळे सरळ बसतात. (कमिटीवाले बिनपगारी राबतात हेही खरं आहे हो, आणि एजीएमला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबून मग चारपाच टाळक्यांत सभा उरकायची, हेही मी बघितलंय.) एजीएम 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा महिन्याभरात बोलवावी लागते, तेव्हा शेजाऱ्यांच्या सह्या जमतात का बघा, तुमच्यासारखे भाड्याने दिलेले अजून असतीलच.

तरी काही हललं नाही तर कुठे जायचं यात लोकांची फार गल्लत होते. कागदपत्रं दाखवत नाहीत, एजीएम घेत नाहीत, चार्ज सरकारी आदेशापेक्षा जास्त लावतात, असं असेल तर डेप्युटी रजिस्ट्रार. सोसायटी विरुद्ध सभासद असा रीतसर वाद असेल तर कलम 91 खाली सहकार न्यायालय, तिथे वेळ जातो आणि वकीलही लागतो. पोलिसांकडे पळू नका, मात्र पाणी तोडलं किंवा भाडेकरूला गेटवर अडवलं तर जरूर जा, असं अडवणं हा वसुलीचा मार्गच नाही.

आरटीआय थेट सोसायटीला लागत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालानंतर तर नाहीच. पण सोसायटीने रजिस्ट्रार ऑफिसला जे रिपोर्ट दिलेत ते तिथून आरटीआयने मागता येतात, आणि कमिटीने तुम्हाला दिलेला ताळेबंद आणि तिकडे दिलेला ताळेबंद एकच आहे का हे ताडून बघता येतं.

हे सगळं को-ऑप सोसायटीचं झालं. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेटऐवजी डीड ऑफ अपार्टमेंट असेल तर 1970 चा अपार्टमेंट कायदा लागतो आणि बरंच गणित बदलतं, ते काय आहे तेवढं कमेंटमध्ये सांगा.