सेल्फ ड्राइव्हची भाड्याची गाडी खराब निघाली, वर डिपॉझिटही कापलं. भरपाई मिळते का?

मिळते, मला मिळालीये. मागितली तेवढी नाही मिळाली, आठ महिने गेले, मधे दोनतीनदा नवऱ्याचं "जाऊ दे ना आता" म्हणून झालं, पण मिळाली.

तुमची केस मला कळली ती अशी. गोव्यात मोपा एअरपोर्टला चार दिवसांसाठी गाडी घेतली, एसी पहिल्यापासून गार करत नव्हता, दुसऱ्या दिवशी काणकोणकडे जाताना क्लच गेला आणि गाडी रस्त्यातच बंद, नऊ तासांनी बदली गाडी आली तीही छोटी, आणि वर "क्लच तुम्ही जाळला" म्हणून दहा हजारांच्या डिपॉझिटमधले सहा हजार कापले. तुम्ही नाशिकचे, कंपनीचं ऑफिस बंगळुरूत, आणि अटींमध्ये लिहिलंय की वाद फक्त बंगळुरूच्या कोर्टात. तर बंगळुरूला जायचं कारण नाही, ते पुढे सांगते. आधी माझं ऐका, कारण मी केलेल्या चुका तुमच्या कामाला येतील.

डिसेंबर २०२३. मी, नवरा आणि आई-बाबा पुण्याहून गुहागरला निघालो. अ‍ॅपवरून गाडी, तीन दिवसांचे ९,६०० आणि ५,००० डिपॉझिट. पहाटे सहाला गाडी घेतली, अंधारच होता, चावी द्यायला आलेला पोरगा घाईत, मी मोबाईलचा टॉर्च लावून गाडीभोवती एक चक्कर मारत व्हिडिओ काढला आणि स्वतःवर जाम खूश झाले. साताऱ्याच्या पुढे एसीतून नुसता वारा यायला लागला. थंडीचे दिवस म्हणून चालवून घेतलं. उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायला लागलो तर ब्रेक दाबला की करकर, मग पत्रा खरवडल्यासारखा आवाज आणि जळका वास, आणि मागून बाबा, "गिअरवर घे गं, ब्रेकवर राहू नकोस". दुसऱ्या गिअरवर रांगत पोफळीपर्यंत आलो, तिथून हळूहळू चिपळूण. गॅरेजवाल्याने चाक उतरवलं आणि म्हणाला, ताई पॅड कधीच संपलेत, लोखंडाला लोखंड लागतंय, यावर पुढे जाऊ नका. मग त्यानेच सहज डिकी उघडून स्टेपनी दाबून बघितली, ती पण बसलेली! पार्ट सकाळी मिळणार होते, म्हणून रात्र चिपळूणच्या लॉजवर.

आता इथे मी एक गोष्ट बरोबर केली, ती पण नवऱ्याच्या ऑफिसच्या सवयीमुळे. कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणाल्या, "मॅडम तुम्ही करून घ्या, बिल पाठवा, बघू". फोन ठेवल्या ठेवल्या नवऱ्याने त्यांच्याच सपोर्टच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप टाकला, की आत्ता सात वाजून वीस मिनिटांनी तुमच्याशी बोलल्याप्रमाणे चिपळूणला ब्रेक पॅड बदलून घेत आहोत, अंदाजे खर्च इतका, हरकत असेल तर कळवा. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही. पुढे त्यांनी जेव्हा "परवानगीशिवाय बाहेर दुरुस्ती केली, अटींचा भंग" असं म्हटलं तेव्हा त्या दोन टिकांनी आम्हाला वाचवलं. मेकॅनिककडून साध्या बिलबुकावर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि "पॅड पूर्ण झिजलेले" हे हाताने लिहून घेतलं होतं, सही-शिक्क्यासकट. जुने पॅडही पिशवीत घालून आणले. आईला वाटलं डोकं फिरलंय माझं.

चूक कुठे झाली तर त्या व्हिडिओत. डाव्या बाजूने मी भिंतीमुळे पूर्ण फिरलेच नव्हते आणि कंपनीने नेमक्या डाव्या मागच्या बंपरवर ओरखडा दाखवून ३,५०० कापले. तो आमच्याकडून झालेला नव्हता, पण मी काय दाखवणार? म्हणून तुमच्याकडे ताबा घेतानाचा व्हिडिओ असेल तर आधी तो नीट बघा आणि क्लाउडवर टाकून ठेवा. त्यात एसी चालू करून बोललेलं काही ऐकू येतंय का, मीटरचं रीडिंग दिसतंय का. अ‍ॅपमध्ये अपलोड केलेले फोटो पण लगेच उतरवून घ्या, ते तिथे कायम राहतील या भरवशावर राहू नका.

आता तुमच्या क्लचबद्दल. हा या धंद्यातला जुनाच झगडा आहे, क्लच गेला की कस्टमरने जाळला. एका दिवसात क्लच जाळता येतच नाही असं नाही, चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली, पाय सतत पेडलवर ठेवला तर वाट लागते. पण नीट वापरलेली क्लच प्लेट हजारो किलोमीटर चालते, आणि तुमच्या आधी त्या गाडीवर किती जणांनी हात साफ केला असेल ते देव जाणे. तेव्हा कंपनीला मेलवर तीन गोष्टी मागा: क्लच शेवटचा कधी आणि किती किलोमीटरला बदलला, गाडीची सर्व्हिस हिस्टरी, आणि ज्या वर्कशॉपमध्ये आता काम झालं तिथलं जॉब कार्ड (काय बिघडलं, काय काम केलं त्याची नोंद) आणि बिल. सहा हजार कापलेत तर ते कशाचे, हे सांगायची जबाबदारी त्यांची. नाही दिलं तर मागूनही दिलं नाही हेच तुमच्या तक्रारीत लिहायचं, आणि ग्राहक आयोगाकडे (ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्टच म्हणा) ते कागद हजर करायला लावा अशी विनंतीही करता येते.

अजून एक बघा, नंबर प्लेट. सेल्फ ड्राइव्हच्या रीतसर गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती अशी भाड्याने देणं बेकायदेशीर, आणि गोव्यात हे प्रकार भरपूर चालतात. अपघात झाला असता तर इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले असते. तुमची गाडी पांढऱ्या पाटीची निघाली तर तो मुद्दा तक्रारीत सगळ्यात वर घ्या, आरटीओकडे वेगळी तक्रार करता येते ती वेगळी. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला की फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसीच्या तारखा दिसतात, स्क्रीनशॉट काढून ठेवा. टायरचे फोटो असतील तर तेही बघा, कारच्या टायरचे काटे १.६ मिमीच्या खाली गेलेले चालत नाहीत, आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात त्यावरून कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते कळतं, म्हणजे २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर गाडीला असेल तर गाडीची देखभाल कशी होती ते वेगळं सांगायला नको.

मागायचे किती? इथे मी पहिल्यांदा येडपटपणा केला. चिडून पूर्ण ९,६०० परत, लॉजचे १,८००, गुहागरच्या खोलीचे फुकट गेलेले २,४००, पॅडचे २,६००, डिपॉझिटचे ३,५०० आणि मानसिक त्रासाचे एक लाख असं लिहिलं होतं. माझा मावसभाऊ वकील आहे, त्याने वाचलं आणि हसला. म्हणाला गाडी तीन दिवस वापरलीस ना, मग अख्खं भाडं कसं मागतेस, आणि एका रात्री दोन ठिकाणी झोपणार होतीस का, लॉज मिळाला तर खोली सोड. मग धरलं ते असं: एका दिवसाचं भाडं ३,२००, लॉज १,८००, पॅड २,६००, डिपॉझिट ३,५००. झाले ११,१००. त्यावर त्रासाचे २०,००० आणि खर्चाचे ५,०००. प्रत्येक आकड्यामागे एक कागद. तुमच्या बाबतीत कापलेले सहा हजार, गेलेल्या दिवसाचं भाडं, मोठ्या आणि छोट्या गाडीच्या भाड्यातला फरक, त्या नऊ तासांत टॅक्सी केली असेल तर तिचं बिल. एसीसाठी भाड्यात थोडी सूट मागा, सगळं भाडं नको. आकडा पटण्यासारखा असला की कंपनीचा माणूस पण वरच्याला विचारून "देऊन टाका" म्हणू शकतो, लाखाला कोण हो म्हणणार.

आता प्रत्यक्ष काय करायचं. अ‍ॅपवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि मेल द्यावाच लागतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. चॅटवर भांडू नका, चॅटवाला "तुमची अडचण समजते" म्हणून तिकीट बंद करतो, मेलच टाका. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते आदेश वगैरे देऊ शकत नाहीत, फक्त कंपनीकडे पाठपुरावा करतात, पण कंपन्या तिथे उत्तर देतात. आम्हाला पुढच्या बुकिंगवर १,००० चं कूपन ऑफर केलं. परत त्यांचीच गाडी घ्यायची, कुंभार्ली उतरायची! नाही म्हटलं. तुम्हीही "तक्रार मिटली" वर टिक करू नका.

मग नोटीस. मी स्वतः एक पानी लिहिली, मावसभावाने फक्त दोन वाक्यं बदलली, पंधरा दिवसांची मुदत, स्पीड पोस्ट आणि मेल दोन्ही. उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही नाशिकला करा, अटींमध्ये बंगळुरू लिहिलेलं असू दे. अटींमध्ये लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे न्यायचा) असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते स्पष्ट केलंय. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत. फक्त गाडी धंद्यासाठी, कंपनीच्या नावावर घेतली असेल तर ग्राहक आहात की नाही यावर वाद काढतात, तुम्ही फिरायलाच गेलात म्हणून प्रश्न नाही.

मी तेव्हा तक्रार ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवर केली होती, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय, तिथे करा. तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी, बुकिंगची पावती, मेल, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे प्रिंट लावताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडायला विसरू नका, माझी फाईल त्यावरून एकदा त्रुटी काढून परत आली होती. अ‍ॅप आणि गाडीचा मालक किंवा ऑपरेटर वेगळे असतील तर दोघांनाही जाबदार (म्हणजे विरुद्ध पक्ष) करा, नाहीतर अ‍ॅपवाले म्हणणार आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, आणि ऑपरेटर म्हणणार पैसे तर अ‍ॅपने घेतले. आमच्यात अगदी हेच झालं.

वेळ लागतो, याची तयारी ठेवा. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, पुण्याच्या आयोगात मी गेले तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या काकांची केस चौथ्या वर्षात होती, फ्रिजची. पण आमच्यासारख्या छोट्या केसमध्ये खरा फरक आयोगाची नोटीस कंपनीला बजावली गेली तेव्हा पडतो, कारण अकरा हजारांसाठी वकील उभा करणं कंपनीला महाग पडतं. सुनावणीच्या दुसऱ्या तारखेच्या आधी त्यांच्या लीगलमधून फोन आला. दहा हजारांपासून सुरुवात झाली, पंधरा हजारांवर थांबलो. ओरखड्याच्या ३,५०० मध्ये मी थोडी ढिली पडले हे मान्य, व्हिडिओ अर्धवट होता ना. पैसे खात्यात आल्यावरच तक्रार मागे घेतल्याची पुरसीस (आयोगाला लेखी निवेदन) दिली, आधी नाही, आणि याबाबतीत मावसभावाने मला अक्षरशः दम दिला होता.

तुमच्याकडे आत्ता सगळ्यात कच्चा दुवा मला त्या नऊ तासांचा वाटतोय. फोन कधी केला, ते काय म्हणाले, बदली गाडी किती वाजता आली हे सगळं फोनच्या कॉल लॉगवरून आजच लिहून काढा, लॉग काही महिन्यांनी दिसेनासा होतो. आणि तो जॉब कार्ड मागणारा मेल लगेच टाका, त्याचं उत्तर काय येतं ते इथे लिहा, मग पुढचं सांगते.