कार्बनवर पुन्हा कार्बनचाच थर कशासाठी?

प्रश्न : माझ्या मुलाने वाचलं, की लिथियम-आयन बॅटरीत पेन्सिलीतलंच ग्राफाइट असतं आणि त्यावर कार्बनचाच थर देतात. कार्बनला कार्बनचं आवरण कशाला? – एक वाचक, सांगली

उत्तर : पेन्सिलीच्या शिशात माती मिसळलेली असते, एवढा फरक त्याला सांगा. बाकी त्याने बरोबर वाचलंय.

प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्या वर्षी मी नैसर्गिक ग्राफाइटची पूड तांब्याच्या पातळ पत्र्यावर लावून बटणाएवढा सेल बनवला. समोर लिथियमची चकती, मधल्या द्रावणात प्रॉपिलीन कार्बोनेट. नेहमीचं एथिलीन कार्बोनेट ३६ अंशांखाली गोठतं. पुण्याच्या थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवायची कटकट मला नको होती. लिथियम ग्राफाइटात शिरत गेलं की व्होल्टेज ०.१ पर्यंत उतरायला हवं; माझं ०.८ च्या आसपास येऊन अडकलं, ते रात्रभर तिथेच. सकाळी सेल उघडला तर ग्राफाइट फुगून पत्र्यावरून सुटलेलं.

ग्राफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक पापुद्रे. लिथियम कडांमधून आत शिरतं आणि पापुद्र्यांमधलं अंतर साधारण १० टक्क्यांनी वाढतं. तेवढं ग्राफाइट सोसतं. प्रॉपिलीन कार्बोनेट मात्र लिथियमचा हात धरून आत घुसतं आणि पापुद्रे उसवतं. एथिलीन कार्बोनेटचं तसं नाही. पहिल्याच चार्जिंगमध्ये त्याचं कडांवर विघटन होऊन दुधावर साय धरावी तसा पडदा धरतो. त्यातून लिथियम जातं, द्रावण अडतं. पण ही साय धरताना लिथियम कायमचं खर्ची पडतं, आणि बंद बॅटरीत ते मोजकंच असतं. उघडा पृष्ठभाग जास्त, तितका तोटा जास्त.

म्हणून कडा झाकायच्या. कारखान्यात ग्राफाइटचे कण आधी गोलसर करतात, त्यांवर पिच, म्हणजे डांबराचा घट्ट भाऊ, चढवतात आणि हवा लागू न देता १००० अंशांच्या आसपास भाजतात. उरतो कार्बनच, पण पापुद्र्यांची शिस्त नसलेला. त्यातून लिथियम वाट काढतं; उसवायला सरळ पापुद्रेच नसतात. जपानच्या सागा विद्यापीठात योशिओ यांच्या गटाने २००० च्या सुमारास टोल्युइनच्या वाफेतून असा थर बसवला आणि प्रॉपिलीन कार्बोनेट मिसळलेल्या द्रावणातही ग्राफाइट टिकवून दाखवलं.

थर पातळ हवा, पण सलग हवा. जाड झाला तर तो स्वतःच लिथियम अडकवून ठेवतो. मग मीही माझ्या ग्राफाइटवर पिचचा थर देऊन पाहिला, तेव्हा पहिल्या दोन खेपा त्यातच गेल्या. तिसऱ्या खेपेला पिच कमी घेतलं, तेव्हा व्होल्टेज ०.८ ला न थांबता ०.१ पर्यंत उतरलं.