तापीकाठची नायिका, २० टन केळी आणि एक प्रेमभंग

महत्त्वाकांक्षी नायिका, झगमगाट आणि भरपूर प्रेम असलेली कादंबरी लिहायला घेतलेल्या वाचकांची ही पत्रं. सगळी खानदेशातली.

माझी नायिका केळी निर्यात करते. मैत्रीण म्हणते, केळीत कसला आलाय झगमगाट, तिला मुंबईची फॅशन डिझायनर कर. करू का? (सावदा)

अजिबात नको. मुंबईची फॅशन डिझायनर तुम्हालाही मालिकांमधूनच माहीत आणि वाचकालाही. केळीचं तसं नाही. या जातीच्या कादंबरीत वाचक श्रीमंती पाहायला येतो हे खरं, पण ती कशी कमावली हे पाहायलाही तितकाच येतो. इंग्रजीत १९७९ साली मोलकरणीची दुकानांची मालकीण झालेली नायिका गाजली, ती या पायऱ्यांवर.

तुमच्या पायऱ्या अशा. घड ७५-८० टक्के भरला की कापतात. जमिनीला न टेकवता फण्या सोडवतात, तुरटीच्या पाण्यात चीक धुतात आणि साधारण १३ किलोची खोकी भरतात. चाळीस फुटी शीतकंटेनरात अशी दीड हजारांच्या आसपास खोकी बसतात, म्हणजे सुमारे २० टन माल. आत १३ ते १४ अंश तापमान. तिथून न्हावाशेवा बंदर, जवळपास साडेचारशे किलोमीटर.

संकटही याच आकड्यांत आहे, त्यासाठी गुंड आणू नका. तापमान १२ अंशांच्या खाली गेलं की सालीला थंडी बाधते. मग केळं पिकवलं तरी पिवळंधमक होत नाही, राखाडीच राहतं. उलट, एखादी पिकलेली फणी चुकून आत गेली की ती इथिलीन वायू सोडते, शेजारच्या हिरव्या फण्या पिकायला लागतात, पिकताना गरम होतात आणि लोण पसरतं. आखातातला ग्राहक दार उघडतो तर आत पिवळा चिखल. ती फणी कुणी ठेवली, हा तुमचा खलनायक.

झगमगाट या कामाच्या शेजारी ठेवा. सकाळी चिकाच्या डागांची ओढणी, रात्री दुबईतल्या हॉटेलात मोतिया रंगाची साडी, आणि नखाच्या कडेला न निघालेला काळा डाग. समोरचा माणूस पाहतो तो डाग. एक सांभाळा: मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर नायिकेला मखमल नेसवलीत तर वाचकालाच घाम फुटेल.

नायिका सराफाची सून, पुढे स्वतःची पेढी काढते. दागिन्यांची वर्णनं पानंच्या पानं झालीत, तरी कंटाळवाणी वाटतात. (जळगाव)

कारण तुम्ही दागिना दाखवताय, त्याचा हिशेब नाही. 'झळाळणारा हार' काढा आणि वजन लिहा. ४० ग्रॅमचा २२ कॅरेटचा हार, म्हणजे शुद्ध सोनं ३६.६४ ग्रॅम. हिऱ्यांचा असेल तर १८ कॅरेटचा करा; २२ कॅरेट मऊ असतं, खड्यावरची पकड ढिली पडते. नायिकेला हे कळतं आणि नवऱ्याला कळत नाही, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं.

जुन्या आणि नव्या तोळ्याचा घोळही वापरा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात १० ग्रॅमचा धरतात. आजेसासूच्या वहीतले २० तोळे म्हणजे २३३ ग्रॅम. कपाटात निघाले २००. दीर म्हणतो, 'वीसच तर आहेत!' मधले ३३ ग्रॅम कुठे गेले हे फक्त सुनेला दिसतं.

कारागिराचा हिशेबही असाच. ५०० ग्रॅम दिलं, घट २ टक्के ठरली, म्हणजे १० ग्रॅम. परत आलं ४८२. आठ ग्रॅम कमी. कानशीचा चुरा झाडून, गाळून ते भरून निघतात की नाही, हा प्रसंग कुठल्याही फॅशन शोपेक्षा जास्त ताणता येतो.

आणि भिंग. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण लागते. 'साठ वर्षांपूर्वीचा' म्हणून पुढे केलेल्या हारावर ती दिसली तर? पण जुना दागिनाही हॉलमार्क करून घेता येतो. ही पळवाट खलनायकाच्या तोंडी आधीच द्या आणि नायिकेला त्याचा कागद मागू द्या, नाहीतर सराफ बाजारातून तुम्हाला पत्रं येतील.

नायक बँकेत अधिकारी आहे. शेवटी तोच तिचं कर्ज मंजूर करून धंदा वाचवतो. वाचून बहीण म्हणाली, मग ही कशाला हवी? (धुळे)

बहिणीचं ऐका. शिवाय जिच्यात जीव गुंतलाय तिचं कर्ज त्याच अधिकाऱ्यानं मंजूर करणं बँकेत गैर ठरतं, त्याला फाइल दुसऱ्याकडे द्यावी लागेल. हे वापरा. त्यानं प्रेम कबूल करायचं म्हणजे फाइल सोडायची, आणि ती जाणार कडक साहेबाकडे. आता त्याच्या प्रेमानं तिचं नुकसान होतंय, म्हणजे गोष्ट सुरू झाली.

त्या साहेबासमोर तिला आकड्यांनी जिंकू द्या. ८० लाखांचा माल तारण, बँकेनं २५ टक्के मार्जिन कापलं तर उचल ६० लाख. तिला ७० हवेत. वरचे दहा ती कशातून उभे करते? इथे नायकाचा फोन वाजता कामा नये.

नायक पहिल्या पंधरा पानांत दिसू दे, मोठी ताटातूट पाऊणएक कादंबरी झाल्यावर. पण गैरसमजातून ताटातूट नको. एका फोनवर मिटणारं भांडण वाचकाला शंभर पानं ओढायला लावणं हा अत्याचार आहे. दोघांचे हितसंबंधच आडवे येऊ देत.

अहिराणी संवाद घातले तर चकचकीतपणा जाईल का? (शिरपूर)

उलट वाढेल. परिषदेत इंग्रजी बोलणारी बाई आईचा फोन आला की 'काय करी ऱ्हायनी व माय' म्हणते, तिथे वाचक तिचा होतो. फक्त गाव पाहून बोली द्या. 'माले', 'तुले' अहिराणीत आणि लेवा बोलीत दोन्हीकडे चालतं. पण 'मन्हा', 'तुन्हा', 'काय करस' ही धुळे, अमळनेर, शिरपूरकडची अहिराणी. ती फैजपूरच्या लेवा आजीच्या तोंडी घातलीत की पुस्तक तिथेच मिटलं जाईल. पानभर संवादाऐवजी एखादं वाक्य, तेही राग किंवा माया अनावर झाल्यावर.

दोघांची भेट कुठे घडवू? प्रत्येक वेळी कॅफेच सुचतो. (नंदुरबार)

नंदुरबारात राहून कॅफे? दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा बाजार असतो. लाखालाखांचे घोडे, फेटे, धूळ, सौदे. त्या गर्दीत तिला घोड्याची किंमत पाडताना त्यानं पहिल्यांदा पाहावं. पुढची भेट तोरणमाळला, यशवंत तलावापाशी, पावसाळ्यात. घाटात धुकं असतं, गाडी हळू चालवावी लागते, तेवढ्यात बोलून होतं.